डिशवॉशरची पावडर घरी करता येते का? (कोल्हापूर, अर्धं पाणी बोअरचं)

राजारामपुरीकर
मंडळी, दिवाळीत डिशवॉशर घेतला. मशीन झकास आहे, रडगाणं पावडरचं आहे. घरात सहा माणसं, रोज एक फेरी, रविवारी दोन. डबा बघता बघता तळाला जातो. नेटवर कुणी खाण्याचा सोडा सांगतं, कुणी व्हिनेगर, कुणी मीठ.

परवा पावडर संपली म्हणून हाताने भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब टाकले. दहा मिनिटांत दाराच्या फटीतून फेस बाहेर. आई देवघरातून उठून आली आणि म्हणाली, "म्हशी धुतल्यास काय रे हितं?"

कुणी स्वतः करून वापरली असेल तर सांगा. वाचलेलं नको, वापरलेलं पाहिजे.

उचगावची_वहिनी
मी दोन वर्षं करतो. (बाईच आहे हो, पण कोल्हापूरची. 'करतो'च म्हणणार.)

आधी एक डोक्यातून काढा. खाण्याचा सोडा वेगळा आणि धुण्याचा सोडा वेगळा. खाण्याचा सोडा मवाळ, रश्श्याच्या कटापुढं त्याचं काही चालत नाही. काम करतो तो धुण्याचा सोडा, म्हणजे सोडियम कार्बोनेट. आमच्या वाण्याकडं सुटा मिळतो. नाहीच मिळाला तर खाण्याचा सोडा स्टीलच्या ताटात पसरून ओव्हनमध्ये 200 अंशावर तासभर ठेवा. त्यातलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड उडून जातं, धुण्याचा सोडा उरतो. 100 ग्रॅमचे 63 ग्रॅमच भरतात, त्यामुळं हात मारला कुणी असं वाटू देऊ नका.

एका फेरीला मोठा चमचाभर धुण्याचा सोडा पावडरच्या कप्प्यात. रिन्स एडच्या (शेवटच्या खळबळायच्या पाण्यात मिसळणाऱ्या द्रवाच्या) कप्प्यात 100 मिली पाण्यात दोन चहाचे चमचे लिंबूसत्व विरघळवून. बास.

दोन्ही एकाच बरणीत मिसळून ठेवू नका. पहिल्या वर्षी मी हुशारी केली. जुलैचा पाऊस, हवा दमट, बरणीत आपोआप फसफस सुरू. रात्री अकराला स्वयंपाकघरात ठप्प आवाज, झाकण फ्रीजखाली. आत जो दगड झाला होता तो खलबत्त्याच्या दस्त्यानं फोडला, आणि फोडून वापरला तर भांडी तशीच ओशट. सोडा आणि आंबट एकमेकांत जिरून गेले होते, मशीनला काय शिल्लक राहणार?

गुजरीतला
टाकणखार घाला की थोडा. सोनार डाख द्यायला वापरतात तोच. परदेशी कृतींत असतोच.

मास्तर_निवृत्त
टाकणखार मी घालणार नाही. तो बोरॉनचा क्षार. युरोपात तो प्रजननाला घातक पदार्थांच्या यादीत आहे, आणि ज्या ताटात नातवंडं जेवतात त्यावर त्याचा अंशही नको. त्याच्यावाचून अडतही नाही.

वहिनींनी सांगितलेलं बरोबर आहे, त्यामागचं कारण सांगतो. आपली आजी चुलीच्या राखेनं भांडी घासायची. राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं, धुण्याच्या सोड्याचा सख्खा चुलतभाऊ. अल्कली तेलाला फोडून त्याचा थोडा साबण करते, म्हणून कढई निघायची. डिशवॉशरमध्ये आजीचा हात नाही, त्याजागी गरम पाण्याचे फवारे आहेत, एवढाच फरक.

पण बाजारच्या पावडरीत आणखी दोन गोष्टी असतात ज्या घरी होत नाहीत. एक, एन्झाइम. भाताची खीर, पिठलं, अंडं वाळून बसलं की तेच तोडतात. दोन, फेस न करणारं साबणद्रव्य. म्हणून सोड्यावर चालवणार असाल तर उष्टं खरवडून काढा आणि ताटं वाळू देऊ नका.

आता बोअर. त्यातलं कॅल्शियम आणि सोडा भेटले की खडू तयार होतो, तोच काचेच्या पेल्यांवर दुधाळ थर बनून बसतो. लोक म्हणतात पावडर वाईट. पावडर नाही, पाणी जड. मशीनच्या तळाला मिठाचा कप्पा असेल तर तो भरा आणि पाण्याच्या जडपणाचं सेटिंग वाढवा. तिथं काटकसर नको. जेवणातलं आयोडीनवालं मीठ बारीक असतं, त्यात गुठळ्या होऊ नयेत म्हणून काहीबाही घातलेलं असतं, ते पाणी मऊ करणाऱ्या आतल्या राळेत अडकतं. डिशवॉशरचं जाड मीठच आणा.

आणि ॲल्युमिनियमचा कुकर आत घालू नका. सोड्यानं काळा पडतो. हे मी सौभाग्यवतींच्या माहेरच्या कुकरवर शिकलो. विषय अजून मिटलेला नाही.

तांबडा_की_पांढरा
व्हिनेगर चालतं का मग रिन्सला? घरात पडून आहे.

मास्तर_निवृत्त
एखादवेळ चालेल. रोज घातलंत तर रबराचे गास्केट खराब होतात. आणि ब्लीचिंगचं पाणी चुकूनही व्हिनेगरजवळ नेऊ नका, क्लोरीन वायू सुटतो.

राजारामपुरीकर
तीन आठवड्यांनी परत आलो. सांगायला उशीर झाला, ऊसतोड चालू होती.

सोमवार ते शनिवार धुण्याचा सोडा. ताटं, वाट्या, पोह्यांची पातेली, सगळं स्वच्छ. पहिल्या चार दिवसांत पेले दुधी झाले, मास्तरांचं ऐकून सेटिंग दोनवरून पाचवर नेलं, मीठ भरलं, लिंबूसत्वाची एक रिकामी फेरी मारली. आता पेल्यातून पलीकडचं दिसतं.

रविवारी मटण असतं, तेव्हा विकतचीच गोळी. एकदा सोड्यावर धाडस केलं, तर तांबड्याच्या पातेल्याला बोट लावलं की बोट लाल. चहाच्या कपांचा तपकिरी वळसाही सोड्यानं जात नव्हता. त्यासाठी सोडियम परकार्बोनेट मागवलं, आठवड्यातून एकदा चमचाभर, गरम फेरीला. कप नवे दिसतात.

सोड्याच्या बरणीवर आईनं कोळशानं 'विष' लिहिलंय, कारण वडिलांनी एकदा मीठ म्हणून ताकात घालायला घेतला होता. वेळेवर हात धरला.

एकच राहिलं. प्लास्टिकच्या डब्याला बसलेला हळदीचा पिवळा डाग कशानंच जात नाही.

उचगावची_वहिनी
मशीनला कशाला सांगताय ते. गच्चीवर उन्हात दोन दिवस उघडा ठेवा. हळद उन्हाला टिकत नाही.