कानाला बरं वाटतं म्हणून टिक मारणाऱ्यांनो

टिळकवाडीचे सर: कालची पोस्ट वाचली असेलच. 'सेंटेन्स करेक्शनला, म्हणजे इंग्रजी वाक्याचा बरोबर पर्याय निवडायच्या प्रश्नाला, नियम-बियम लागत नाहीत. पर्याय मनात वाचा, कानाला बरा वाटेल तो टिक करा. मराठी माध्यमाच्या पोरांनी हा भाग सोडूनच द्यावा.' लिहिणारा बेळगावचाच. बँक परीक्षांच्या पोरांना मी इंग्रजी शिकवतो, त्यामुळे गप्प बसवेना.

कोणाचा कान हो? आपल्या ऑफिसांत दिवसभर 'डिस्कस अबाउट', 'कोप अप विथ' चालतं. कानाला दोन्ही गोड, पेपरात दोन्ही चूक, कारण 'अबाउट' आणि 'अप' तिथं नकोतच. हे वाक्य घ्या: 'द क्लायमेट ऑफ बेळगाव इज बेटर दॅन हुबळी.' कान म्हणतो बरोबर, वर छातीही फुगते. पण इथं हवेची तुलना गावाशी झाली. 'दॅन दॅट ऑफ हुबळी' पाहिजे. खानापूरकडच्या मराठी शाळेतून आलेली पोरगी हे झटक्यात पकडते, कारण काय कशाच्या जोडीला बसलंय ते ती बघते. 'नॉट ओन्ली'नंतर क्रियापद आलं की 'बट ऑल्सो'नंतरही क्रियापदच. यात माध्यम कुठं आलं?

कॅम्पवाला: ती पोस्ट माझीच. पॅरलल स्ट्रक्चर, म्हणजे हे जोडीला जोड बसवणं, दिलं तुम्हाला. इडियमचं, म्हणजे ठरून गेलेल्या शब्दजोड्यांचं काय? 'प्रिफर'ला 'टू' का, 'दॅन' का नाही? 'लुक फॉरवर्ड टू'पुढं 'मीट' नाही, 'मीटिंग' का? ते वाचून वाचूनच अंगात भिनतं, आणि लहानपणापासून इंग्रजी वाचणाऱ्याला फायदा होणारच. एमबीएच्या प्रवेशाची जीमॅट परीक्षा घेणाऱ्यांनीसुद्धा 2023 च्या नव्या परीक्षेतून सेंटेन्स करेक्शन काढून टाकलं, ते उगीच?

टिळकवाडीचे सर: 'लुक फॉरवर्ड टू'मधला 'टू' शब्दयोगी आहे, पुढं नाम किंवा नामासारखं रूपच येणार. झाला नियम. 'प्रिफर' पाठ करा, पाढे केले तसे. आणि जीमॅटनं काढलं म्हणून बँकेनं काढलं नाही. चुकलं की पाव गुण जातोच.

निपाणीकर: एवढी मारामारी कशाला? ग्रामीण बँकेच्या मेन्सला, म्हणजे मुख्य परीक्षेला, इंग्रजीऐवजी हिंदी घेता येतं. लिपी आपलीच.

खानापूरची ताई: हाच सल्ला माझ्या भावाला कुणी तरी दिला होता. शुद्ध वर्तनीच्या, म्हणजे हिंदी शुद्धलेखनाच्या प्रश्नांत मराठीच्या सवयीनं 'कवी', 'व्यक्ती' दीर्घ टिक करून आला. हिंदीत तिथं ऱ्हस्व. लिपी आपली म्हणे! त्याआधी फॉर्म कर्नाटकातून भरायचा की महाराष्ट्रातून, यावर घरात भांडण झालं ते वेगळंच.

शहापूरचा वाघ: महाराष्ट्रातूनच भरायचा. कन्नडचं ओझं कशाला?

खानापूरची ताई: ओझं? मराठी शाळेतच कन्नड शिकले, गुणपत्रिकेवर आली, त्या जोरावर ग्रामीण बँकेची, निवडलेल्या राज्याची भाषा यायलाच हवी ही अट निभावली. आज काऊंटरवर म्हातारं गिऱ्हाईक कन्नडात पासबुक मागतं, त्याला काय सीमाप्रश्नावरचा महाजन आयोगाचा अहवाल दाखवू?

शहापूरचा वाघ: आमचे आजोबा सीमासत्याग्रहात तुरुंगात गेले ते हे ऐकायला? तुमच्यासारख्यांमुळेच दुकानांच्या मराठी पाट्या गेल्या.

खानापूरची ताई: माझेही गेले होते. पाट्या मी नाही काढल्या. तुमची पोरं कुठल्या माध्यमात आहेत ते सांगा आधी.

शहापूरचा वाघ: तो घरचा विषय आहे.

कॅम्पवाला: म्हणजे इंग्रजी.

टिळकवाडीचे सर: काय चाललंय गा? धागा सेंटेन्स करेक्शनचा आहे, 1956 च्या सीमावादाचा नाही.

कॅम्पवाला: बरं सर, हवेला हवा भिडवा, कबूल. बेळगावच्या हवेचा मान राखला. मराठी शाळेची पोरगी पॅरललमध्ये मला हरवेल, हेही लिहून घ्या. पण इडियमची यादी पाठ करून तिचा जीव मेटाकुटीला येतो आणि माझी पुतणी ती न बघता सोडवते, एवढं तरी मान्य करा.

टिळकवाडीचे सर: तुझ्या पुतणीला 'डिस्कस अबाउट' देऊन बघ. मग बोलू.

निपाणीकर: ते राहू दे. फॉर्म दोन्ही राज्यांतून भरता येतो का?

खानापूरची ताई: नाही हो. एकच राज्य निवडायचं.

शहापूरचा वाघ: बघा, परत तेच!