राघोजी भांगरे यांचं वैर सावकाराशी होतं की सरकारशी?

डांगाणची लेक:
माझं माहेर डांगाणात, म्हणजे अकोले तालुक्याच्या डोंगराळ भागात, रतनगडाच्या पायथ्याला. लग्न होऊन ठाण्यात आले. २ मेला मुलाला घेऊन ठाणे कारागृहापाशी इंग्रजांविरुद्ध बंड करणाऱ्या राघोजींना अभिवादन करायला गेले होते. १८४८ साली याच तारखेला त्यांना तिथे फाशी दिली. घरी आल्यावर मुलानं मोबाईलवर एका जुन्या इंग्रजी नोंदीचं भाषांतर दाखवलं. त्यात 'दरोडेखोर' असं लिहिलंय, कोळी बंडांत सावकारांची नाकं कापल्याचंही लिहिलंय. आठवीतलं पोर मला विचारतं, "आई, मग आपण हार कुणाला घातला?" मला धड उत्तर देता आलं नाही. आमची आजी त्यांना नुसतं 'नाईक' म्हणायची, तेही आवाज खाली करून. नाकं कापली हे मला मुलापासून लपवायचं नाही. पण का, ते नीट सांगायचंय.

जुना तलाठी:
ताई, माझी नोकरी शेतसारा आणि सातबारा यांतच गेली, म्हणून तिकडूनच सांगतो. डांगाणात पिकतं काय? नागली, वरई, ओढ्याकाठी थोडं भात. पैसा हातात खेळतच नाही. आणि इंग्रजांना सारा हवा रोख, ठरल्या हप्त्याला, पाऊस पडो न पडो. मग सावकाराच्या ओट्यावर जायचं. वहीत काय लिहिलंय ते वाचता येत नाही, खाली सहीऐवजी 'निशाणी नांगर', म्हणजे नांगराचं चित्र काढायचं. खळ्यावर भात आला की सावकार स्वतः ठरवलेल्या दरानं मोजून न्यायचा, मुद्दल जागेवरच. पुढे तोच कागद कोर्टात जायचा आणि कोर्ट कागदच बघायचं. हुकूमनामा झाला की जमीन गेली. पूर्वी सावकार फार ताणत नसे, गावात राहायचं असे त्याला. आता त्याच्या पाठीशी कोर्टाचा बेलीफ उभा राहिला. तेव्हा मुलाला सांगा, सावकार आणि सरकार ही एकाच कागदाची दोन अंगं होती.

कळसूबाईचा वारा:
तलाठीबुवा, त्याच्याही आधीचं सांगायला हवं. महादेव कोळी या आदिवासी जमातीचे नाईक, म्हणजे प्रमुख, पेशवाईत किल्ले आणि घाट राखायचे, त्याबद्दल त्यांना वेतन-वतन होतं. १८१८ नंतर किल्ल्यांवरची शिबंदी, म्हणजे पहाऱ्याची फौज, मोडली, नाईकांचे हक्क छाटले. राघोजींचे वडील रामजी भांगरे यांनी त्यावरूनच १८३० च्या आधी बंड केलं होतं. म्हणजे देवगावच्या त्या घरात ही आग दुसऱ्या पिढीची. १८४४ पासून राघोजी आणि त्यांचे भाऊ बापू डोंगरात होते. बापू आधी सापडले. राघोजींना लेफ्टनंट गेल यानं १८४८ च्या जानेवारीत पंढरपुरात पकडलं, गोसाव्याच्या वेषात. ज्या माणसाला सगळं जंगल ओळखत होतं तो वारकऱ्यांच्या गर्दीत विठोबाच्या गावी सापडला, हे वाचताना मला दर वेळी गलबलून येतं.

जुना तलाठी:
खरंय, ते माझ्याकडून राहिलं. नाकाचं मात्र मी झाकणार नाही. ते क्रूरच होतं. पण सरकारनं त्यातून शिकायला तीस वर्षं घेतली. १८७० नंतर होन्या केंगले यांचं बंड सावकारांविरुद्धच, १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला कुणब्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या, तेव्हा कुठे १८७९ मध्ये शेतकऱ्यांना सावकारी कर्जातून दिलासा देणारा कायदा झाला. राघोजींनी दाखवलेलं दुखणं दप्तरात यायला एवढा वेळ लागला.

डांगाणची लेक:
दोघांचेही उपकार. काल रात्री मुलाला 'निशाणी नांगर' कागदावर काढून दाखवली. तो बराच वेळ तिच्याकडे बघत बसला. मग म्हणाला, "वाचता येत असतं तर?"
तलाठीकाका, एक विचारते. आमच्या आज्याची ओढ्याकाठची भाताची खाचरं १९५५ साली कर्जापायी बिगर-आदिवासी माणसाच्या नावावर गेली. आदिवासींची गेलेली जमीन परत देण्याचा कायदा आहे ना, त्यात बसेल का?

जुना तलाठी:
ताई, तो १९७५ चा कायदा. त्यात १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळातले व्यवहार धरलेत. तुमचं दोन वर्षांनी हुकलं. तरी जुना फेरफार काढून आणा, मी स्वतः बघतो.