मदत हवी आहे: सहा जणांसाठी डिक्सिट की त्सुरो?

विल व्हीटनचा 'टेबलटॉप' हा बोर्ड गेम खेळण्याचा शो (2012 पासूनचा) यूट्यूबवर पाहतोय. त्यातला एखादा गेम यंदा इथल्या, सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेआधी घ्यायचाय, कारण तेव्हा घर पाहुण्यांनी भरलेलं असतं. आम्ही सहा जण खेळणार. आजीला इंग्रजी वाचता येत नाही, धाकटा नऊ वर्षांचा.

कटान मला फार आवडतो, पण मूळ डबा चौघांपुरताच. पँडेमिकचंही तेच. टिकट टू राइड पुण्याच्या मित्राकडून आणून खेळलो; एक तर तो पाच जणांचा, त्यात नकाशावरच्या अमेरिकन शहरांच्या नावांशी आजी अडली. उरले दोन. डिक्सिट मूळ आवृत्तीत तीन ते सहा जणांचा (2021 च्या नव्या आवृत्तीत आठपर्यंत), 84 चित्रपत्ते, मजकूर नाही, आणि आपलं चित्र इतरांनी ओळखावं म्हणून द्यायचा सूचक शब्द मराठीतून देता येतो. त्सुरो (फरशा मांडून आपली वाट पुढे नेण्याचा गेम) आठ जणांपर्यंत, पंधरा-वीस मिनिटांत संपतो.

शोमध्ये डिक्सिट रंगतो, पण तिथे खेळणारे बोलण्यात तरबेज असतात. सोलापुरात हे गेम हाताळून बघायला मिळाले नाहीत, त्यामुळे ऑनलाइनच मागवणार. बजेट एकाच डब्याचं.

ज्यांनी घरच्यांबरोबर हे खेळलेत त्यांनी सांगा: डिक्सिटमध्ये आजी आणि नऊ वर्षांचा मुलगा एकत्र रमतात का, आणि तेच पत्ते किती खेळांनंतर ओळखीचे होऊन मजा कमी होते?