आंदोलनाची वर्गणी: हिशेब फळ्यावर लावायचा की नाही?

फोंडेकार: आमच्या वाड्यावर बिल्डरच्या डोंगरकापणीविरुद्ध समिती झाली. गोव्यात पर्वरीच्या उच्च न्यायालयात याचिका घालायची म्हणून घरोघर वर्गणी काढली. थोडी रोख, पावती पुस्तकावर. बाकी सगळी खजिनदाराच्या स्वतःच्या गूगल पेवर. परवा दोघांनी हिशेब मागितला तर समितीवाले रुसले, ‘आमच्यावर भरवसा नाही?’ अहो, चवथीच्या वर्गणीचा कागद मंडपात लागतो, अगदी नारळाच्या खर्चासकट. मग ह्याचा का नको? दर महिन्याला जमाखर्च देवळासमोरच्या फळ्यावर लावावा.

सत्तरीचो: लावा, आणि बिल्डरला चहाही पाजा! शिल्लक किती ते कळले की त्याचा वकील तारखांवर तारखा मागेल, तुमची थैली रिकामी होईपर्यंत. शिवाय वर्गणी देणाऱ्यांत सरकारी खात्यातला क्लार्क असतो, मास्तर असतो. नाव फळ्यावर दिसले की बदली, उत्तर टोकाच्या पेडण्याचा माणूस दक्षिण टोकाच्या काणकोणला.

फोंडेकार: नावे मागितली कुणी? पावतीचा नंबर आणि रक्कम लिहा, ज्याचा त्याला कळतो. शिल्लक वकिलाची फी ठरेपर्यंत झाका हवी तर. पण खर्च? गाडीभाडे, झेरॉक्स, बॅनर, यात लपवण्यासारखे काय आहे?

म्हापशेची: मी हिशेबाचेच काम करते, म्हणून सांगते. भांडण फळ्याचे नाहीच. पैसा एकाच्या खात्यात आहे हा घोळ आहे. उद्या खजिनदाराला काही झाले तर ती रक्कम त्याच्या वारसांच्या हाती जायची. आयकरवाल्यांनी विचारले तर खुलासा त्यानेच करायचा. 1860 च्या कायद्याखाली सोसायटी नोंदवा, दोन सह्यांचे खाते काढा.

आणि गोव्यात एक वेगळेच प्रकरण आहे. इंग्लंडात, स्विंडनला राहणाऱ्या भावाने पाठवलेले पैसे. तो अजून भारतीय नागरिक असेल आणि बँकेतून स्वतःची कमाई पाठवली असेल तर हरकत नाही. पण पोर्तुगीज पासपोर्ट घेतला असेल तर कायद्याने तो परदेशी. त्याची वर्गणी एफसीआरएमध्ये, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्यात येते, त्याला केंद्राची नोंदणी किंवा आगाऊ परवानगी लागते, आणि 2020 पासून तो पैसा आधी दिल्लीच्या स्टेट बँकेतल्या खात्यातच यावा लागतो. घरोघर वर्गणी काढताना हे कोण विचारतो? समितीला अडकवायला तेवढे एक पुरते.

सत्तरीचो: बघा, म्हणजे आधी कागद, मग आंदोलन! नगरनियोजन कायद्यात 2024 ला जमिनीचा झोन बदलू देणारे कलम 39अ आले. झोन बदलाची जाहिरात वर्तमानपत्रात दिसते तेव्हा हरकतींना मोजके दिवस असतात. तेवढ्यात तुमची सोसायटी नोंदवून होईल?

म्हापशेची: होणार नाही. तोवर दोघांचे संयुक्त बचत खाते काढा, त्यात फक्त हीच वर्गणी. एका दुपारचे काम.

डिचोलीचो आजो: 1921 ला टिळक स्वराज्य फंडात एक कोटी जमले तेव्हाही कुजबुज झालीच होती. हिशेब दाखवला म्हणून तोंडे बंद होत नाहीत, फोंडेकार. समितीतले लोक पोराबाळांना घरी सोडून कोर्टात बसतात, ते ह्या चौकशीने उठून गेले तर याचिका तुम्ही चालवणार?

फोंडेकार: आजोबा, मान्य, त्यांच्या कष्टांना मोल नाही. पण केस निकाली लागल्यावर उरलेल्या पैशांचे काय? कुणी म्हणतो देवळाला, कुणी म्हणतो शेजारच्या गावाच्या लढ्याला. ठराव कुठेच नाही.

सत्तरीचो: शेजारच्या गावाला द्या. ह्यावर माझे काही म्हणणे नाही. पण शिल्लक मात्र फळ्यावर नको.