गाडीचा वेग आपोआप वाढणे आणि ऐन चढावर ताकद जाणे : मदत हवी आहे

नमस्कार.

गेल्या अडीच महिन्यांत माझ्या गाडीने मला दोन निरनिराळ्या प्रकारे संकटात टाकले आहे. एकदा ती पाय काढल्यावरही पळत सुटली आणि त्यानंतर तीन वेळा ऐन चढावर तिची ताकदच गेली. गाडी पेट्रोलवर चालणारी, ऑटोमॅटिक गिअरची, आठ वर्षांची आहे. ॲक्सिलरेटरला केबल नाही, तो इलेक्ट्रॉनिक आहे, आणि इंजिन सुरू-बंद करायला बटन आहे. सर्व्हिसिंग वेळच्या वेळी केलेले आहे.

पहिली घटना सविस्तर सांगतो, कारण कोणी काही सांगू शकले तर तिच्यातल्या बारकाव्यांवरूनच सांगू शकेल. दुपदरी रस्त्यावर मी बराच वेळ एका ट्रकच्या मागे होतो. समोरचा रस्ता मोकळा दिसल्यावर ॲक्सिलरेटर जवळजवळ तळापर्यंत दाबला, ट्रक मागे टाकला, पुन्हा आपल्या बाजूला आलो आणि पाय उचलला. पाय उचलला की इंजिनाचा आवाज उतरतो, हे इतके अंगवळणी पडलेले असते की तो उतरलेला नाही हे कळायलाच एक-दोन क्षण गेले. काटा ताशी ९० किलोमीटरवरून १०५, ११० असा चढतच होता. मी ब्रेक दाबला. ब्रेक लागत होता, पण कोणीतरी मागून ढकलत असावे तशी गाडी त्याला जुमानत नव्हती. घाबरून मी ब्रेक सोडून पुन्हा दाबला, पुन्हा सोडला, आणि तिसऱ्या वेळी पेडल असे कडक झाले की पायाखाली दगड आहे असे वाटले. शेजारी आई बसली होती. ती एक शब्दही बोलली नाही. तिने दोन्ही हातांनी सीटबेल्ट घट्ट धरला होता, एवढे मला आठवते. शेवटी गिअर न्यूट्रलला टाकायचे सुचले. इंजिन किंचाळल्यासारखे वर गेले, पण चाकांवरचा जोर सुटला आणि गाडी कडेला घेता आली. थांबल्यावर बटन दाबून इंजिन बंद केले. दहा मिनिटांनी पुन्हा सुरू केले, तर ते काही घडलेच नाही असे शांत चालत होते.

दुसरा प्रकार याच्या नेमका उलटा आहे. चढावर गाडी व्यवस्थित ओढत असताना अचानक चेक इंजिनचा दिवा लागतो, ॲक्सिलरेटर कितीही दाबला तरी इंजिन प्रतिसाद देत नाही आणि गाडी जेमतेम ताशी २०-२५ च्या वेगाने सरपटते. मागून येणाऱ्या वाहनांना मी का रखडलो आहे हे कळण्याचा काहीच मार्ग नसतो, त्यामुळे ही अवस्था पहिल्या घटनेइतकीच भीतिदायक वाटते. गाडी बंद करून सुरू केली की ताकद परत येते. पहिल्या वेळी मदतीला आलेल्या मेकॅनिकने बॅटरीची तार काढून दोन मिनिटांनी परत जोडली आणि दिवा गेला. नंतर ज्या वर्कशॉपमध्ये गाडी दाखवली तिथे स्कॅनर लावल्यावर बिघाडाचा एकही कोड निघाला नाही. जॉब कार्डवर ‘दोष आढळला नाही’ असे लिहून मिळाले आणि वेग वाढण्याबद्दल, ‘ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला गेला असेल’, असे तोंडी सांगण्यात आले.

हे ऐकून मला राग आला, तरी ती शक्यता मी झटकून टाकलेली नाही. याविषयी थोडे वाचले आहे. १९८०च्या दशकात अमेरिकेत ऑडी ५००० या गाडीबद्दल अशा असंख्य तक्रारी झाल्या होत्या, आणि १९८९ मध्ये तिथल्या महामार्ग सुरक्षा संस्थेने बहुतेक घटनांत चालकाचा पाय चुकीच्या पेडलवर पडला होता असा निष्कर्ष काढला. टोयोटाच्या प्रकरणात मात्र चित्र इतके सरळ नव्हते. २००९-१० मध्ये पेडलमध्ये अडकणाऱ्या मॅटमुळे आणि दाबल्यावर लवकर वर न येणाऱ्या पेडलमुळे लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या. २०११ मध्ये नासाच्या अभियंत्यांना थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) मोठ्या प्रमाणात उघडू शकेल असे इलेक्ट्रॉनिक कारण सापडले नाही, तर २०१३ मध्ये ओक्लाहोमातील ज्युरीने, सॉफ्टवेअरमधील दोषांवर तज्ज्ञाची साक्ष ऐकल्यानंतर, २००७ च्या एका अपघातासाठी कंपनीला जबाबदार धरले. म्हणजे चालकाची चूकही खरी असते आणि गाडीचा दोषही खरा असतो. माझ्या बाबतीत यांपैकी काय घडले हे कसे ओळखावे, हाच माझा प्रश्न आहे.

दोन्ही प्रकारांमागे एकच बिघाड असू शकतो का? वर्कशॉपमध्ये नेल्यावर जो दोष लपून बसतो त्याचा पुरावा मी स्वतः कसा मिळवावा? आणि तोवर ही गाडी चालवावी की नाही? स्वतः असे काही अनुभवलेल्या किंवा दुरुस्तीचे काम करणाऱ्या जाणकारांनी कृपया लिहावे.

प्रतिसाद

मी बरीच वर्षे गाड्यांच्या इलेक्ट्रिकल दुरुस्तीचे काम केले आहे. कारण सापडेपर्यंत गाडी चालवू नका, हे आधी सांगतो.

तुम्ही जाता जाता लिहिलेली एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, ती म्हणजे तिसऱ्या वेळी ब्रेकचे पेडल कडक झाले. ब्रेकला जोर देणारा बूस्टर पेट्रोल गाडीत सहसा इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालतो. थ्रॉटल पूर्ण उघडा असला की हे व्हॅक्यूम जवळजवळ नाहीसे होते आणि बूस्टरमध्ये साठलेले दोन-तीन दाबांत संपते. तुमचा पाय चुकून ॲक्सिलरेटरवर असता तर पेडल असे कडक होण्याचे कारणच नव्हते. म्हणजे पाय ब्रेकवर होता आणि त्याच वेळी थ्रॉटल उघडा होता. वर्कशॉपमधल्या माणसांना हे याच शब्दांत सांगा. शिवाय पेडलची गफलत बहुधा गाडी सुरू करताना, मागे घेताना किंवा पार्क करताना होते. आधी मुद्दाम तळापर्यंत दाबलेले पेडल पाय उचलल्यावर वर न येणे हा वेगळा प्रकार आहे, आणि तिथे सर्वांत आधी मॅट पाहायची असते. मूळ मॅटवर दुसरी रबरी मॅट टाकली आहे का? ती हुकात अडकवलेली आहे का?

दोन्ही घटनांना एकाच दोरीत बांधू नका. ताकद जाण्याचे वर्णन अगदी लिंप मोडचे, म्हणजे बिघाड दिसताच गाडी स्वतःच ताकद कापते त्या अवस्थेचे आहे. इलेक्ट्रॉनिक ॲक्सिलरेटरच्या पेडलमध्ये दोन सेन्सर असतात. ते एकच हालचाल वेगवेगळ्या व्होल्टेजने सांगतात आणि इंजिनाचा संगणक दोन्हींचा मेळ सतत तपासत असतो. मेळ बसला नाही की तो पेडलवर विश्वास ठेवत नाही, थ्रॉटल जवळजवळ मिटवतो आणि गाडी कडेला नेण्यापुरतीच ताकद देतो. चढावरच असे होण्याचे कारण म्हणजे तिथे पेडल नेहमीपेक्षा खोल दाबले जाते, त्यामुळे सेन्सरच्या ज्या भागात खराबी असेल तो भाग तिथेच वापरात येतो. पेट्रोलचा पंप, क्रँकशाफ्टचा सेन्सर किंवा तुंबलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर यांमुळेही ताकद जाते, पण दिवा लागून ताकद एकदम कापली जाणे आणि बंद-सुरू केल्यावर ती पूर्ण परत येणे, हे वर्णन त्यांच्याशी तितकेसे जुळत नाही.

बॅटरीची तार काढली गेली तेव्हा कोडही पुसला गेला आणि त्याच्यासोबत साठलेली फ्रीझ फ्रेमही, म्हणजे बिघाडाच्या क्षणीची इंजिनाची गती, वेग, तापमान यांची नोंद. आता तार कोणालाही काढू देऊ नका. गाडीच्या ओबीडी सॉकेटमध्ये (बिघाडाचे कोड वाचण्यासाठी असलेल्या जोडणीत) बसणारा आणि मोबाइलला जोडता येणारा छोटा स्कॅनर मिळतो, तो घ्या. जाणकार चालकाला बरोबर घेऊन मोकळ्या रस्त्यावर तपासणी करता आली तर दिवा लागताच गाडी थांबवा आणि इंजिन बंद करण्यापूर्वी कोड वाचा. पी २१३८ निघाला तर पेडलचे दोन सेन्सर जुळत नाहीत, पी २१३५ निघाला तर थ्रॉटल बॉडीतले जुळत नाहीत. पक्का कोड मिळेपर्यंत ‘पेंडिंग’ कोडही पाहा, कारण तो पुढच्या फेरीत बिघाड न झाल्यास आपोआप निघून जातो.

प्रतिसाद

एक पुरवणी जोडतो. वेग वाढलेल्या अवस्थेत ब्रेक एकदाच, पूर्ण ताकदीने दाबून तसाच धरावा, पुन्हा पुन्हा दाबू नये. इंजिन पूर्ण जोरात असले तरी चांगल्या स्थितीतले ब्रेक बहुतेक गाड्या थांबवतात. त्याच वेळी न्यूट्रल, आणि गाडी थांबल्यावरच इंजिन बंद. चालत्या गाडीत इंजिन बंद करायची वेळ आलीच तर बटन एकदा दाबून पुष्कळ गाड्यांत काहीच होत नाही. काही सेकंद दाबून धरावे लागते किंवा लागोपाठ दाबावे लागते, आणि मग स्टिअरिंग जड होते. किल्लीची गाडी असेल तर किल्ली बाहेर काढू नये, स्टिअरिंग लॉक होते.

माझा अनुभव डिझेल गाडीचा आहे. टर्बोच्या सीलमधून ऑइल आत जाऊन इंजिन त्याच ऑइलवर बेफाम धावू लागले आणि किल्ली बंद करूनही थांबेना, कारण त्याला डिझेलची गरजच उरली नव्हती. गाडी मॅन्युअल होती म्हणून वरचा गिअर टाकून, ब्रेक घट्ट धरून, क्लच सोडल्यावर ते बंद पडले. तुमच्या पेट्रोल गाडीला हे लागू नाही, पण हा धागा वाचणाऱ्या डिझेलवाल्यांनी हे लक्षात ठेवावे.

मूळ धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहितो आहे, कारण काहीतरी हाती लागल्याशिवाय लिहायचे नव्हते.

मॅट पाहिली. मूळ मॅटवर मी स्वतःच जाड, उंच कडांची रबरी मॅट टाकली होती आणि तिला हुक नव्हते. उलटसुलट करून उजेडात धरली, तर पुढच्या कडेवर नखाएवढी, चंद्रकोरीसारखी चकाकणारी खूण होती. इंजिन बंद ठेवून मॅट दोन बोटे पुढे सरकवली आणि हाताने ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला. पेडलची खालची कड बरोबर त्या खुणेत बसली आणि हात काढला तरी पेडल खालीच राहिले. बुटाच्या टोकाने मॅटला जरासा धक्का दिल्यावर ते टक असा आवाज करून वर आले. त्या दिवशी गाडी कडेला घेतल्यावर मी पाय झाडून खाली उतरलो होतो, तेव्हा मॅट मागे सरकली असणार. त्या घटनेच्या आदल्याच दिवशी मी गाडी धुतली होती आणि मॅट परत टाकताना नीट पाहिले नव्हते. आई शेजारी होती हे आठवले की अजून पोटात गोळा येतो.

ताकद जाण्याचे कारण वेगळेच निघाले. एका परिचित मेकॅनिकला सोबत घेऊन चढावर गेलो, दिवा लागला आणि इंजिन सुरू असतानाच स्कॅनरवर पी २१३८ वाचला. पेडलचा कनेक्टर उघडला तेव्हा एका पिनवर हिरवट गंज होता. पिना साफ करूनही दोन दिवसांनी तोच कोड आला, म्हणून सेन्सरसह पूर्ण पेडल बदलले. त्यानंतर ९०० किलोमीटर गाडी चालली आहे, त्यात चढही भरपूर होते, आणि दिवा एकदाही लागलेला नाही. रबरी मॅट काढून टाकली असून मूळ मॅट दोन्ही हुकांत बसवली आहे.

आता दोन गोष्टी उरल्या आहेत. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकाच वेळी दाबले गेल्यास इंजिनाची ताकद कापणारी ब्रेक ओव्हरराइडची सोय माझ्या गाडीत असावी असे वाटत नाही, कारण त्या दिवशी ब्रेक दाबूनही आवाज उतरला नव्हता आणि मॅन्युअलमध्येही तिचा उल्लेख सापडला नाही. इतक्या जुन्या गाडीत ही सोय संगणकाचे सॉफ्टवेअर बदलून कोणी कंपनीकडून करून घेतली आहे का? दुसरे असे, की त्या वर्कशॉपच्या नोंदीत माझ्या गाडीपुढे अजूनही ‘दोष आढळला नाही’ असेच आहे. कोडचा फोटो, मॅटवरच्या खुणेचा फोटो आणि बदललेले जुने पेडल माझ्यापाशी आहे. ती नोंद दुरुस्त करून घेण्यासाठी अर्ज कसा लिहावा, हे कोणी केले असल्यास कृपया सांगावे.