पहिल्या नंबरच्या पोराला स्वतःचाच कोड सांगता येईना. घरून घेतलेल्या कोडिंग स्पर्धेला रोख बक्षीस ठेवावं का?

दुसरी_गल्ली
कोल्हापुरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो, नाव विचारू नका. गेल्या महिन्यात पदवीच्या पोरांसाठी ऑनलाइन कोडिंग स्पर्धा घेतली. ३ तास, ६ प्रश्न, घरबसल्या. पहिल्याला ५ हजार. बक्षीस द्यायच्या आधी वरच्या पाचजणांना बोलावलं, नुसतं ‘कसं सुचलं’ म्हणून विचारायला.

चौथा प्रश्न असा: २ लाख आकडे दिलेत, त्यातल्या किती जोड्यांची बेरीज अमुक संख्येपेक्षा कमी भरते? एकेक जोडी तपासत बसलं तर जोड्या होतात जवळपास २,००० कोटी. सी प्लस प्लस ह्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत सेकंदाला १० कोटींच्या आसपास साध्या क्रिया उरकतात असा आपला ढोबळ हिशेब. म्हणजे तीन मिनिटांच्या वर, आणि मुदत २ सेकंदांची. म्हणून आकडे आधी चढत्या क्रमानं लावायचे, एक बोट डाव्या टोकाला, एक उजव्या, आणि दोन्ही आत आणत जायचं. पोराचा कोड अगदी तसाच होता. उत्तरासाठी इंट ह्या नेहमीच्या संख्या-प्रकाराऐवजी जास्त मोठ्या संख्या मावणारा लाँग लाँगसुद्धा घेतलेला. विचारलं, ‘इंट का नाही घेतलास?’

‘सर, लाँग लाँग मोठा असतो.’

‘इंट कितीपर्यंत जातो?’

तो पंख्याकडं बघाय लागला. साधं २१४ कोटी म्हणाला असता तरी मी पाठ थोपटली असती. कोड एआयनं लिहिला, पोरानं चिकटवला. माझं मत सरळ आहे: घरून घ्यायची तर ती सराव म्हणून घ्या. पैसे ठेवायचे तर लॅबमध्ये बसवा, नेट बंद.

पेठेतला
बरोबर. आयसीपीसीत, म्हणजे कॉलेजच्या टीमांच्या जागतिक कोडिंग स्पर्धेत बघा, तिघांत एकच संगणक, ५ तास, इंटरनेट नाही. सुटलेल्या प्रश्नावर आधी चुकीचं उत्तर पाठवलं असलं की दर चुकीला २० मिनिटांचा दंड. तिथं कोण कुणाचं चिकटवणार? शाहू स्टेडियमवर पेठांची मॅच असली की पोरगं मैदानात दिसतं. घरनं गोल मारला म्हणून कोण मानल काय?

धरणाखाली
सर, मी त्याच स्पर्धेत ११वा आलो. (हो, मुलगीच आहे. कोल्हापूरकडची, ‘आलो-गेलो’च म्हणणार.) गाव राधानगरी तालुक्यात. रविवारी लॅबला यायचं म्हणजे सकाळची एसटी, परतीची मिळाली तर मिळाली, आणि घरात ‘सुट्टीच्या दिवशी कसलं कॉलेज?’ ह्याचं उत्तर द्यायचं. माझ्याकडनं ते तीन वेळा झालं असतं, चौथ्यांदा नाही.

घरून होती म्हणून खेळलो. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर. दुसऱ्या प्रश्नाला तर्क बरोबर, तरी तीनदा ‘टाइम लिमिट’, म्हणजे कोड मुदतीत संपेना. वीस मिनिटं डोकं धरून बसलो. मग दिसलं, मी दर ओळीनंतर एंडल लिहीत होतो. त्यानं नवी ओळ येते तशी प्रत्येक वेळी बफर, म्हणजे छापायचा मजकूर साठतो ती जागाही रिकामी होते, त्यात वेळ जातो, आणि ओळी २ लाख. एंडलच्या जागी साधं नव्या ओळीचं चिन्ह टाकलं, लगेच हिरवं. हे मला चार सेमिस्टरांत कुणी शिकवलं नव्हतं. आता एका पोराच्या लबाडीपायी माझी ती वीस मिनिटं काढून घेणार?

दुसरी_गल्ली
वीस मिनिटं काढत नाही, सराव चालूच ठेवा म्हटलंय. फक्त पैसे काढतोय.

धरणाखाली
पैसे गेले की स्पॉन्सर जातो, स्पॉन्सर गेला की स्पर्धा जाते. आमच्या बॅचनं हे एकदा बघितलंय.

शिरोलीकर
मला हा वादच फुकटचा वाटतो. दहा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे. दोन बोटांची युक्ती कामावर किती वेळा लागली? दोनदा. त्यापेक्षा पोरांना दुसऱ्याचा कोड वाचायला शिकवा. आणि एआयशी स्पर्धा तर संपलीच. २०२५ ला बाकूत आयसीपीसीची अंतिम फेरी झाली, १२ प्रश्न होते, एकाही टीमला सगळे सुटले नाहीत. ओपनएआयच्या मॉडेलनं त्याच संचातले १२ च्या १२ सोडवले. आता कशाला धावायचं?

पेठेतला
मोटारसायकल आली म्हणून पहाटे रंकाळ्याला पळणारी माणसं घरी बसली काय ओ?

शिरोलीकर
ती बक्षिसासाठी पळत नाहीत, साखर वाढलीय म्हणून पळतात.

दुसरी_गल्ली
😄 हे मान्य. पण दुसऱ्याचा कोड वाचायचं म्हणता ना, आमच्या पोराला ‘स्वतःचा’च वाचता येईना, दुखणं तेच आहे. @धरणाखाली, तुझं एसटीचं पटलं. मी शहरात राहतो, माझ्या डोक्यातच आलं नाही. मग असं करू: स्पर्धा घरूनच, पण वरच्या वीसजणांना दहा-दहा मिनिटांचा व्हिडिओ कॉल. स्वतःच्या कोडमधली एक ओळ समजावून सांगायची आणि मी प्रश्नात किंचित बदल करीन, त्यावर काय बदलाल ते बोलायचं. चूक झाली तरी चालेल, विचार दिसला पाहिजे. त्यानंतरच बक्षीस.

पेठेतला
पाठ करून येतील.

दुसरी_गल्ली
येऊ देत. लाँग लाँग का घेतला हे पाठ करायला गेला तरी निम्मं समजतंयच.

धरणाखाली
कॉलला हरकत नाही, पण इंग्रजीत नको. आमच्यातली निम्मी पोरं तर्क चोख सांगतात, इंग्रजी म्हटलं की गप्प होतात, आणि मग तुम्हाला वाटणार चिकटवलंय. गप्प बसलेला प्रत्येकजण चोर नसतो, सर. तो पंख्याकडं बघणारा पण कदाचित घाबरला असंल.

दुसरी_गल्ली
त्याला मी मराठीतच विचारलं होतं. पण ठीक, त्याला परत एकदा बोलावतो, ह्या वेळी केबिनमध्ये नाही, कँटीनला. तुझ्या कॉलचं सांग, गावात व्हिडिओला रेंज मिळते का?

धरणाखाली
घरात नाही. शाळेच्या पायरीवर येते, तिसऱ्या पायरीवर. स्पर्धेला पण तिथंच बसलो होतो.