पोरांना नशेपासून लांब ठेवताना : काय जमलं, काय फसलं

आठवी ते बारावीतल्या मुलांना दारू, व्हेप (ई-सिगारेट), खर्रा, गोळ्या यांपासून लांब ठेवताना तुमच्या घरात किंवा शाळेत नेमकं काय घडलं, ते लिहा. उपदेश नको. फसलेलंही चालेल. सुरुवात मीच करते.

मुलगा दहावीत. पँट धुवायला टाकताना खिशात पेनड्राइव्हसारखं काहीतरी मिळालं, आंब्याचा वास येणारं. मी शहाणी! ते नीट त्याच्या टेबलावर ठेवलं. दोन दिवसांनी भाची म्हणाली, "मावशी, व्हेप आहे तो." मग आरडाओरडा, मोबाइल जप्त, शपथा. एवढ्यातून तो सफाईने खोटं बोलायला शिकला, बाकी काही नाही. महिन्याभराने त्याला गाडीवरून क्लासला सोडताना सहज विचारलं, "मिळतो कुठे रे हा?" मागे बसून, माझं तोंड दिसत नसताना तो घडाघडा बोलला. २०१९पासून देशभर विक्रीला बंदी, तरी चार जण वर्गणी काढून आणतात. यात निकोटिन नसतं, नुसता फ्लेवर असतो, अशी त्याची पक्की समजूत. तेव्हापासून महत्त्वाचं बोलणं आम्ही गाडीवरच करतो.

—

बाप आहे, नाशिककडचा. पोराच्या दप्तरात तंबाखूची पुडी सापडली म्हणून हात उगारला. तो म्हणाला, "तुमचीच आणायला जायचो ना." खरं होतं. तो सातवीत असल्यापासून मीच त्याला टपरीवर पिटाळायचो. अठराच्या आतल्या मुलाला तंबाखू विकणं गुन्हा आहे, पण टपरीवाल्याने कधी हटकलं नाही आणि मलाही काही वाटलं नाही. माझी अजून पूर्ण सुटलेली नाही. आणायला मात्र स्वतः जातो.

—

चंद्रपूर जिल्ह्यात शिकवते. आमच्याकडे खर्रा म्हणजे पाहुणचार. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटून हातावर ठेवला की माणूस खूश! कर्करोगाची चित्रं दाखवून झाली, पोरं हसायची. मग एका दंतवैद्य ताईंना बोलावलं. त्या भाषण द्यायला उभ्याच राहिल्या नाहीत. म्हणाल्या, "तीन बोटं एकावर एक उभी धरा आणि तोंडात घालून दाखवा." वर्गात दंगा. आठवीतल्या एकाची मात्र दोनच बोटं गेली. तो पुन्हा पुन्हा करून पाहत होता. हळूहळू वर्ग गप्प झाला. सुपारीने गालाची आतली कातडी ताठरते आणि तोंड उघडेनासं होतं, हे सांगायला ताईंना चार वाक्यं पुरली.

पुढे पोरांनी खेळाच्या तासाची टेप घेऊन शाळेच्या फाटकापासून शंभर यार्ड मोजले, म्हणजे साधारण ९१ मीटर. तेवढ्यात तंबाखू विकायला मनाई आहे. दोन टपऱ्या आत निघाल्या. ग्रामपंचायतीला अर्ज पोरांनीच लिहिला. एक टपरी हलली. दुसरी सरपंचांच्या नात्यातली, ती आहे तिथेच आहे.

—

एवढं गोंजारायचं कशाला? आमच्या वेळी एक कानाखाली बसली की विषय संपायचा.

—

वरच्या काकांना : माझ्या भावाला बसली होती. तो घरी बोलायचा बंद झाला, गोळ्या चालूच राहिल्या. आमच्याकडे त्यांना 'बटण' म्हणतात, झोपेच्या असतात. शेवटी आईनेच १४४४६वर फोन लावला. नशामुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे, पैसे पडत नाहीत.

—

मी वीस वर्षांची, पुण्यात शिकते. पहिली बिअर सख्ख्या मामाने दिली, दादाच्या हळदीत, मी सोळाची असताना. "घरच्यांसमोर घेतलेली बरी," म्हणे. महाराष्ट्रात बिअरला एकवीस आणि व्हिस्की-रमला पंचवीस वर्षं लागतात, हे मामालाच ठाऊक नव्हतं.

बाबा तेव्हा चिडले नाहीत. एवढंच ठरलं, की कुठेही अडकले तर मिस्ड कॉल द्यायचा, ते येणार, आणि त्या रात्री एकही प्रश्न नाही. बारावीत एकदा वापरला. मैत्रिणीच्या फ्लॅटवर कुणीतरी काहीतरी ओढायला आणलं होतं, मला नाही म्हणता येईना. बाबा पायजम्यावरच आले. वाटेत गाडीवर भुर्जीपाव खाल्ला. शब्द पाळला त्यांनी. प्रश्न सकाळी सातला सुरू केले.